भाड्याच्या घरातील धूर : कराराची भाषा आणि तिचा व्यवहार

घरमालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये जे तंटे उद्भवतात, त्यांपैकी पुष्कळसे भाड्याच्या रकमेवरून अथवा मुदतीवरून होतात. त्यांहून वेगळ्या जातीचा एक तंटा भाडेकरूच्या धूम्रपानावरून होतो. भिंती पिवळ्या पडतात, पडद्यांना आणि गाद्यांना वास राहतो, शेजारच्या बिऱ्हाडात धूर शिरतो. मालक रागावतो. भाडे भरून राहत असलेल्या जागेत काय करावे हे सांगणारा हा कोण, असे भाडेकरू विचारतो. अखेरीस अनामत रकमेतून किती पैसे कापावयाचे, या मुद्द्यावर गोष्ट येऊन ठेपते. वरवर पाहता हा प्रश्न आरोग्यशास्त्राचा किंवा फार तर विधिशास्त्राचा वाटतो. परंतु तंट्याच्या मुळाशी गेल्यास पुष्कळदा असे आढळते की, आरंभीच एक वाक्य अपुरे बोलले गेले होते, किंवा करारात एक शब्द विचार न करता घातला गेला होता. या वाक्याची आणि या शब्दाची चिकित्सा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. ती चिकित्सा महाराष्ट्रातील प्रचलित कायद्याच्या संदर्भात करावी आणि तीतून व्यवहाराला उपयोगी पडेल असे काही हाती लागते का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. 'धूम्रपान' या शब्दाची व्याप्ती

छापील भाडेकरारांत सामान्यतः 'धूम्रपान करण्यास मनाई आहे' एवढेच वाक्य असते. ते स्पष्ट आहे असा समज असतो. वस्तुतः ते तसे नाही.

संस्कृतात धूर या अर्थाचे नाम 'धूम' हे आहे. 'धूम्र' हे धुरकट रंगाचा या अर्थाचे विशेषण. म्हणून व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'धूमपान' हा समास अधिक शुद्ध ठरतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी द्रव्यांची वर्ती करून तिचा धूर घेण्याचा जो विधी सांगितला आहे, तोही धूमपानाचाच. त्या काळी तंबाखू या देशात नव्हती. ती पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर दक्षिणेत आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेली, हे प्रसिद्धच आहे. जुना वैद्यकीय शब्द पुढे या नव्या व्यसनास लावला गेला, आणि मराठीत तो 'धूम्रपान' या रूपाने स्थिर झाला. रूढी बलवान असल्यामुळे आज त्याला अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही. परंतु हा शब्द ग्रंथांतून आणि फलकांवरून आलेला आहे, घरातल्या बोलण्यातून नव्हे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

घरातल्या बोलण्यात क्रियापद आहे ते 'ओढणे'. विडी ओढतात, सिगारेट ओढतात, चिलीम ओढतात. हिंदी भाषक 'पितो', बंगाली भाषक 'खातो'. मराठी भाषक प्रामुख्याने 'ओढतो'. पण तपकीरही ओढतातच, आणि तपकिरीत धुराचा लवलेश नसतो. उलट दिशेने पाहिल्यास मशेरीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. मशेरीसाठी तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात. त्या वेळी स्वयंपाकघर धुराने भरून जाते आणि तो उग्र धूर जिन्यापर्यंत पोहोचतो. तरीही या क्रियेस कोणी 'धूम्रपान' म्हणत नाही, 'ओढणे' तर मुळीच म्हणत नाही. म्हणजे 'ओढणे' या क्रियापदाच्या कक्षेत धूर नसलेली तपकीर येते, आणि 'धूम्रपान' या नामाच्या कक्षेबाहेर तंबाखूचा प्रत्यक्ष धूर राहतो.

ही केवळ शाब्दिक कसरत नव्हे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते; त्यांत ती ओढणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.८ टक्के होते. उरलेले बहुसंख्य लोक ती खाणारे वा दातांस लावणारे. तेव्हा घराच्या भिंतींची काळजी असलेल्या मालकाने केवळ 'धूम्रपान' हा शब्द लिहिला, तर थुंकीचे डाग आणि मशेरीचा धूर हे दोन्ही त्याच्या मनाईतून निसटतात. इलेक्ट्रॉनिक सिगारेटची अडचण आणखी निराळी आहे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. परंतु त्या उपकरणातून निघते ते द्रवाचे बाष्प. पदार्थ जळून झालेला धूर नव्हे. 'धूर नाही, मग धूम्रपान कसले?' असा युक्तिवाद करणाऱ्यास शब्दकोश अनुकूलच राहील.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात : पदार्थ कोणता, क्रिया कोणती आणि परिणाम कोणता. 'धूम्रपान' हा एकच शब्द या तिन्हींचा भार घेऊ पाहतो आणि तिन्ही ठिकाणी थोडा थोडा अपुरा पडतो.

२. तोंडी बोली आणि तिची व्याकरणिक घडण

लेखी मनाईचे हे हाल; तोंडी मनाईची स्थिती त्याहून नाजूक आहे. एक कल्पित प्रसंग घ्यावा. पुण्यातील एका वयस्क बाईंनी आपली दोन खोल्यांची जागा नोकरीनिमित्त परगावाहून आलेल्या तरुणास दिली. किल्ली हाती देताना त्या म्हणाल्या, "आणि हे बघ, घरात सिगारेट ओढत जाऊ नकोस हं." तरुण म्हणाला, "नाही काकू, घरात नाही." चार महिन्यांनी वरच्या मजल्यावरून तक्रार आली. तरुण रोज रात्री गॅलरीत उभा राहून सिगारेट ओढीत होता. बाईंच्या मते त्याने शब्द मोडला. तरुणाच्या मते त्याने तो अक्षरशः पाळला. दोघेही प्रामाणिक आहेत, हे येथे विशेष.

या दोन वाक्यांत चार निसरड्या जागा आहेत. पहिली 'घरात' या शब्दाची. बाईंच्या दृष्टीने घर म्हणजे त्यांच्या मालकीची संपूर्ण जागा. तरुणाच्या दृष्टीने घर म्हणजे दाराआडच्या खोल्या. मराठीत 'घरात' आणि 'गॅलरीत' हे शब्द एकमेकांच्या विरोधातही वापरले जातात. 'तो घरात नाही, गॅलरीत आहे,' या वाक्यात कोणासही विसंगती वाटत नाही.

दुसरी जागा क्रियापदाच्या रूपाची. 'ओढू नकोस' आणि 'ओढत जाऊ नकोस' यांत फरक आहे. '-त जाणे' ही रचना रीतिवाचक आहे. तिच्यात नित्य घडणाऱ्या क्रियेचा निर्देश असतो. 'रोज येत जा' यात एखाद्या दिवशी न येण्याला वाव राहतो. त्याचप्रमाणे 'ओढत जाऊ नकोस' यात एखाद्या वेळी ओढण्याला वाव राहतो. बाईंनी हे रूप सौम्यपणासाठी वापरले. पण सौम्यपणा आणण्याच्या भरात निषेधाची व्याप्ती कमी झाली.

तिसरी जागा 'हं' या अव्ययाची आणि 'काकू' या संबोधनाची. मराठी समाजात अनोळखी वडीलधाऱ्या व्यक्तीस नात्याने हाक मारण्याची चाल आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु नात्याची हाक आली की व्यवहाराची अट विनंतीचे रूप घेते. पुतण्याने काकूंचे ऐकावे हे इष्ट; न ऐकल्यास काकू रागावतील. मात्र पुतण्या काही करारभंग करीत नाही.

चौथी जागा उच्चारकृतीची. जे. एल. ऑस्टिन याने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, काही वाक्ये केवळ माहिती देत नाहीत. ती उच्चारताच एक कृती घडते. वचन देणे, पैज लावणे, ताकीद देणे या अशा कृती होत. परंतु कृती घडण्यासाठी दोन्ही पक्षांनी ती एकाच प्रकारची कृती आहे असे ओळखावे लागते. उपर्युक्त प्रसंगात बाईंनी अट घातली आणि तरुणाने विनंतीस मान दिला. म्हणजे कृती दोन घडल्या, आणि त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत.

कायद्याने या भाषिक अनिश्चिततेचे माप कोणाच्या पदरात टाकले आहे, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये जागा भाड्याने अथवा परवान्याने देण्याचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदविलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. असा करार नसल्यास, ज्या अटींवर जागा दिली गेली त्यांविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी न करता तोंडी मनाईवर विसंबणारा मालक आपल्या वाक्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार भाडेकरूच्या स्वाधीन करतो.

३. भाडेकरू, परवानाधारक आणि शेजारी

बोलण्यात ज्याला सरसकट 'भाडेकरू' म्हणतात, तो कायद्याच्या दृष्टीने दोन प्रकारचा असतो. जुन्या चाळींतून आणि वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या राहणारा तो खरा भाडेकरू. 'लीव्ह अँड लायसन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कराराने ठराविक महिन्यांसाठी राहणारा तो परवानाधारक. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ५२ प्रमाणे परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. अन्यथा बेकायदेशीर ठरले असते असे काही करण्याची मुभा तेवढी मिळते. हा भेद धूम्रपानाच्या प्रश्नात निर्णायक ठरतो.

परवानाधारकाच्या बाबतीत लेखी कराराला असाधारण वजन आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये, लेखी परवाना-करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येते, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून येथे मनाईचे कलम नीट लिहिलेले असले की मालकाचे बहुतेक काम झाले.

जुन्या भाडेकरूच्या बाबतीत असे कलम प्रायः नसतेच, आणि मागाहून एकतर्फी घालताही येत नाही. तेथे उरतो तो अधिनियमाच्या कलम १६ मधील आधार : भाडेकरूचे, किंवा त्याच्याबरोबर राहणाऱ्यांचे, वर्तन लगतच्या रहिवाशांस उपद्रव किंवा त्रास देणारे असल्यास ताबा मागता येतो. यातील 'उपद्रव' हा शब्द भारदस्त आहे, आणि न्यायालयात तो भारदस्तपणेच घेतला जातो. आंग्ल विधिपरंपरेत १८५१ च्या 'वॉल्टर विरुद्ध सेल्फ' या खटल्यात विटा भाजण्याच्या धुराचा प्रश्न होता. त्यात जी कसोटी घालून दिली गेली ती अशी की, गैरसोय नाजूक किंवा चोखंदळ माणसाच्या मापाने मोजावयाची नाही. साध्या राहणीच्या सामान्य माणसाच्या सुखसोयीत खरोखर बाध येतो की नाही, एवढे पाहावयाचे. महिन्यातून दोनदा आलेला सिगारेटचा वास या कसोटीस उतरणे कठीण. दररोज रात्री दम्याच्या रुग्णाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खोलीत शिरणारा धूर उतरू शकेल. परंतु त्यासाठी दिवस, वेळ व परिणाम यांची नोंद लागेल.

सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आहे, मग घरात का नाही, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. २००३ च्या तंबाखू उत्पादनांविषयीच्या केंद्रीय कायद्याचे कलम ४ आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेले नियम यांनी घातलेली बंदी सार्वजनिक जागांपुरती आहे. 'सार्वजनिक जागा' म्हणजे जेथे लोकांना प्रवेश असतो अशी जागा. राहत्या खोलीपर्यंत हा कायदा पोहोचत नाही. दाराच्या आतील नियम त्या दोन पक्षांनी भाषेच्या साहाय्याने स्वतःच घडवावयाचा असतो.

४. व्यक्तीवर बंदी की कृतीवर?

'धूम्रपान करणाऱ्यांस जागा दिली जाणार नाही' असे वाक्य जाहिरातींत आढळते. 'धूम्रपान करणारा' हे कर्तृवाचक रूप व्यक्तीचा स्वभाव सांगते. एका विशिष्ट स्थळी घडणारी कृती सांगत नाही. परिणामी जो कचेरीजवळच्या टपरीवरच सिगारेट ओढतो आणि घरात कधीही ओढीत नाही, तो या वाक्याने नाकारला जातो. आणि जो स्वतः ओढीत नाही पण ज्याचे मित्र दर रविवारी खोली धुराने भरून टाकतात, तो स्वीकारला जातो. मालकाचा न्याय्य हितसंबंध भिंतींत, सामानात आणि शेजाऱ्यांच्या श्वासात आहे. भाडेकरूच्या फुप्फुसांवर त्याचा अधिकार नाही. मनाईचे वाक्य त्या हितसंबंधाच्या मर्यादेतच राहिले, तर ते पाळलेही जाते आणि टिकतेही.

अमेरिकेच्या संघीय गृहनिर्माण खात्याने सार्वजनिक निवासांसाठी केलेला नियम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तो डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जुलै २०१८ अखेर सर्वत्र लागू करावयाचा होता. त्याने पेटविलेल्या तंबाखूवर बंदी घातली : सिगारेट, चिरूट, पाईप आणि पाण्यातून ओढावयाचा हुक्का. स्थळ सांगितले : राहत्या खोल्या, आतील सामाईक जागा, कार्यालये, आणि या इमारतींपासून बाहेर २५ फुटांपर्यंतचा परिसर. धूम्रपान करणाऱ्यास घर नाकारावे असे त्यात नाही. पदार्थ, क्रिया आणि अंतर या तिन्ही गोष्टी नाव घेऊन सांगितल्यामुळे वादाला जागा कमी उरते.

संपूर्ण मनाई करणाऱ्या मालकाने आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. निकोटिन हे व्यसन जडविणारे द्रव्य आहे. करारावर सही केल्याने तलफ थांबत नाही. बाहेर कोठे जावे हे न सांगता सर्वत्र मनाई केली, तर माणूस न्हाणीघरात दार लावून पंखा सुरू करतो, आणि तो धूर सामाईक पोकळीतून वरच्या मजल्यांवर जातो. पंखा किंवा उघडी खिडकी हा यावर उपाय नव्हे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, दुसऱ्याच्या धुराची कोणतीही निर्धोक मात्रा नाही, आणि वायुवीजनाने इमारतीतील संपर्क पूर्णपणे टळत नाही. म्हणून मनाईबरोबर मुभा कोठे आहे, हेही सांगणे व्यवहार्य ठरते.

५. 'झीज' आणि 'नुकसान'

जागा सोडण्याच्या वेळी वादाचे केंद्र या दोन शब्दांकडे सरकते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेपट्टेदाराने जागा मिळाली त्या स्थितीत परत करावयाची असते. वाजवी वापरामुळे झालेली झीज मात्र त्यातून वगळलेली आहे. मग पिवळी पडलेली भिंत ही झीज की नुकसान?

या प्रश्नाचे एक रेखीव उत्तर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने दिले आहे. विरुद्ध करार नसल्यास भाड्याच्या घरात धूम्रपान करणे हा मुळात कराराशी सुसंगत वापर होय, असे त्याने २००६ मध्ये म्हटले. २००८ मध्ये त्याची मर्यादा सांगितली : रंग देणे, कागद लावणे अशा नेहमीच्या डागडुजीने जे डाग जात नाहीत, ते वाजवी वापराच्या पलीकडचे, आणि त्यांची भरपाई भाडेकरूने द्यावी. याच न्यायालयाने २०१५ मध्ये गॅलरीतील धुराच्या वादात असे ठरविले की, धूर खरोखर त्रासदायक असेल तर दिवसाच्या वेळा वाटून घ्याव्यात. काही तास गॅलरी धूर न येता वापरण्याचा शेजाऱ्याचा हक्क, आणि काही तास धूम्रपान करणाऱ्याचा. हे निर्णय भारतात बंधनकारक नाहीत. परंतु त्यांतील कसोटी पाहण्यासारखी आहे. ती भाडेकरूच्या नैतिकतेची चर्चा करीत नाही. डाग कशाने निघतो एवढेच विचारते.

डाग कशाने निघतो, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. तंबाखूच्या धुरातील निकोटिन आणि चिकट द्रव्ये भिंत, कापड, गालिचा, लाकूड यांवर बसतात आणि हळूहळू पुन्हा हवेत उतरतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, पृष्ठभागावरील हे निकोटिन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसामीन द्रव्ये निर्माण करते. २०११ मध्ये सॅन दिएगो येथील अभ्यासकांनी धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरे तपासली. दोन महिने रिकामी राहून आणि साफसफाई होऊनही त्या घरांत निकोटिनचा अंश शिल्लक होता, आणि नव्याने राहावयास आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या कुटुंबांच्या संपर्कात तो येत होता. म्हणजे प्रश्न केवळ मालकाच्या रंगाच्या खर्चाचा नाही; त्या घरात पुढे रांगणाऱ्या मुलाचाही आहे.

यावरून व्यवहाराचे नियम निघतात. पिवळ्या भिंतीवर सरळ चुना किंवा डिस्टेंपर मारल्यास डाग काही दिवसांनी वर येतो. आधी भिंत धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने पुसून कोरडी करावी लागते, नंतर डाग रोखणाऱ्या प्राइमरचा हात द्यावा लागतो आणि त्यावर रंग. पडदे, गाद्या धुऊनही वास न गेल्यास बदलणे भाग पडते. रंगाचा नेहमीचा हात आणि हे वाढीव काम यांच्या खर्चातील अंतर हे नुकसानीचे प्रामाणिक माप होय. ते मोजता यावे म्हणून प्रवेशाच्या दिवशी दोघांनी मिळून खोलीनिहाय नोंद करावी, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि नोंदीवर दोघांच्या सह्या असाव्यात.

'प्रत्येक सिगारेटमागे इतके रुपये दंड' अशी कलमे लिहिली जातात. ती धाक दाखविण्यापलीकडे फारशी उपयोगी नाहीत. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम नमूद असली, तरी त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळते. 'दंड' हा राज्याचा शब्द आहे. दोन व्यक्तींमधील करारात त्याची जागा 'भरपाई' या शब्दाने घेतलेली बरी.

६. तक्रार आल्यानंतर

सर्व काळजी घेऊनही तक्रार येऊ शकते. अशा वेळी मालकाने प्रथम तक्रार कोणाची, कोणत्या वेळेची आणि किती दिवसांची आहे हे विचारून लिहून ठेवावे. धूर त्याच घरातून येतो, की खालच्या रस्त्यावरून अथवा तिसऱ्याच बिऱ्हाडातून, याची शहानिशा व्हावयास हवी. इमारतीच्या पोकळ्यांतून धूर आडवाटेने प्रवास करतो. जागा पाहावयाची असल्यास पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी जावे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २८ ने मालकाला तेवढाच अधिकार दिला आहे. जवळच्या दुसऱ्या किल्लीने परस्पर दार उघडून वास घेणे हे त्यात बसत नाही.

त्यानंतर भाडेकरूशी बोलावे, आणि या बोलण्यात वाक्ये घटनेविषयी असावीत. "तुम्ही फार सिगारेट ओढता" हे वाक्य माणसाचे वर्णन करते, आणि त्याला उत्तर म्हणून नकारच मिळतो. "मंगळवारी आणि गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास वरच्या खोलीत धूर गेला, करारातील अमुक कलम असे आहे, येथून पुढे खाली आवारात जाणे जमेल का?" या वाक्यांना नकार देता येत नाही, उत्तर द्यावे लागते. येथे 'तुम्ही' हेच संबोधन योग्य. ज्याला एरवी 'अरे' म्हटले जाते त्यालाही व्यवहाराच्या बोलण्यात 'तुम्ही' म्हटले, म्हणजे विनंती आणि अट यांची सरमिसळ टळते. जे ठरेल ते दोन ओळींत लिहून दोघांकडे ठेवावे.

यानंतरही फरक न पडल्यास लेखी नोटीस द्यावी. तीत कलम, घटना, सुधारणेची मुदत आणि पुढील पाऊल एवढ्या चार गोष्टी असाव्यात. पुढील पाऊल म्हणजे परवान्याच्या बाबतीत करारातील तरतुदीनुसार तो संपविणे किंवा नूतनीकरण न करणे. जुन्या भाडेकरूच्या बाबतीत न्यायालयाचा मार्ग. पाणी किंवा वीज तोडणे हा मार्ग कोणत्याही परिस्थितीत उपलब्ध नाही. कलम २९ ने अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई केली आहे. धुराच्या तक्रारीत न्याय्य बाजू असलेला मालक नळ बंद करताच अन्याय्य बाजूला जाऊन उभा राहतो.

७. कलमाचा एक नमुना

वरील विवेचनाचे सार एका कलमात आणावयाचे झाल्यास त्याचा मसुदा पुढीलप्रमाणे होईल :

"परवानाधारक, त्यांच्यासमवेत राहणाऱ्या व्यक्ती व त्यांचे पाहुणे यांनी जागेतील खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय व गॅलरी यांत आणि इमारतीच्या जिन्यात एकदाही विडी, सिगारेट, चिरूट, चिलीम, हुक्का किंवा बाष्प देणारे तत्सम उपकरण ओढू नये, तसेच तंबाखू भाजू अथवा जाळू नये. इमारतीच्या आवारातील ठरलेल्या मोकळ्या जागी यास मालकाची हरकत नाही. या कलमाच्या भंगामुळे रंगाच्या नेहमीच्या कामापेक्षा जो अधिक खर्च येईल, तो पावत्या दाखवून अनामत रकमेतून वळता केला जाईल. लेखी सूचनेनंतर पंधरा दिवसांत भंग न थांबल्यास मालकास एक महिन्याच्या नोटिशीने परवाना संपविता येईल."

यात 'धूम्रपान' हा शब्द नाही, आणि 'धूम्रपान करणारा' हाही नाही. 'एकदाही' या क्रियाविशेषणाने '-त जाणे' मधील पळवाट बुजविली आहे, गॅलरी नावानिशी आली आहे, मशेरी 'भाजू' या क्रियापदात आली आहे आणि मुभेची जागा मनाईच्या शेजारीच आहे. थुंकीच्या डागांसाठी याच धर्तीवर स्वतंत्र वाक्य लिहावे लागेल. आवारातील जागा मालकाच्या एकट्याच्या हातची नसल्याने गृहनिर्माण संस्थेची संमती आधी घ्यावी लागेल. मुदतीचे आकडे उभय पक्षांनी आपापल्या सोयीने बदलावेत. मात्र सही करण्यापूर्वी हे कलम दोघांनी एकत्र बसून मोठ्याने वाचावे, आणि 'गॅलरीत एकदा ओढली तर?' हा प्रश्न त्याच वेळी विचारावा. त्या क्षणी त्याचे उत्तर देण्यास एक मिनिट पुरते. चार महिन्यांनी तोच प्रश्न अनामत रक्कम, शेजाऱ्याची झोप आणि एका माणसाचे छप्पर पणाला लावून विचारला जातो.